दोन बोटं फट

मी दरवाजा बोलतोय. घराचा नव्हे, पाण्याचा. मला कडी नाही, उंबरा नाही, आणि माझ्यावर टकटक करून आजवर एकही पाहुणा आत आलेला नाही. खाडीच्या बांधात दोन दगडी खांबांच्या मध्ये मी उभा आहे. डोक्यावर एक लोखंडी चाक आहे. ते फिरवलं की मी वर जातो, उलटं फिरवलं की खाली येतो. माझं आयुष्य म्हणजे एवढंच, असं साहेब लोकांना वाटतं.

एक गोष्ट मी पन्नास वर्षं लाजत लाजत बाळगली. मी गळका आहे. म्हातारपणामुळे नव्हे, जन्मापासूनच. आता मात्र ती गोष्ट मी ऐटीत सांगणार आहे, तेव्हा जरा दमानं ऐका.

मला ज्या सुतारानं घडवलं, त्यानं उभ्या जन्मात फक्त होड्या बांधल्या होत्या. 'दरवाजा म्हणजे काय, उभी केलेली होडी,' असं म्हणून त्यानं काम अंगावर घेतलं. लोखंडी पट्ट्या ठोकायला आलेल्या लोहाराला खालच्या दोन फळ्यांमध्ये केसाएवढी फट दिसली. त्यानं बोट ठेवून दाखवली.

"पाण्यात फुगली की मिटेल," सुतार म्हणाला. "माझी एक तरी होडी बुडालीय का?"

होडीच्या बाबतीत ते खरंच होतं. पण होडी पाण्यात बसते, आणि मी पाणी अडवायला उभा राहणार होतो. माझी एक बाजू सदा भिजलेली, दुसरी उन्हात तापलेली. खालची फळी फुगली नाही, पिळली. वर्षभरात डाव्या कोपऱ्यात हातभर लांब आणि दोन बोटं रुंद फट पडली. भरती आली की तिच्यातून पाण्याची धार आत उडायची. बांधावरून जाणारे येणारे हसायचे. मी शरमेनं अर्धा व्हायचो.

मला कशाला उभं केलं, तेही सांगतो. बांधाच्या आत तेव्हा दलदल होती. ती मी धडपणे एकाच दिवशी पाहिली, मला खाली सोडलं त्या पहिल्या दिवशी. खारफुटीची दाट झाडं, त्यांच्या मुळांमधून वळत जाणारे पाण्याचे चिंचोळे मार्ग, चिखलावर खेकड्यांची लगबग, एका पायावर उभे असलेले बगळे. आणि मधोमध चार-पाच बायका, गुडघाभर चिखलात वाकून शिंपले वेचत होत्या. त्यांच्यासोबत एक लहान मुलगी होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, आता पाणी कुठून येणार?" आई शिंपले वेचतच राहिली.

लोकांना शेतजमीन हवी होती. समुद्राचं पाणी थांबवलं की झाली जमीन, असा सरळ हिशोब. मी तो हिशोब इमानानं पाळला. भरती यायची, माझ्यावर आपटायची, परत जायची. आतले खेकडे पहिले काही आठवडे माझ्या पायाशी येऊन बसत. दार उघडायची वाट बघत असावेत. मग एकेक करून ते येईनासे झाले. ते आठवलं की आजही माझ्या फळ्या करकरतात.

चार-पाच वर्षं पीक बरं आलं. मग माती बिघडली. वाळली, भेगाळली, आणि आतल्या आत बसत बसत खाडीपेक्षाही खाली गेली. पावसाचं पाणी तिच्यात आठवडे साचून राही, उन्हाळ्यात तिची धूळ घराघरांत शिरे. शेतकऱ्यांनी हात टेकले आणि दुसरीकडे गेले. मला मात्र उघडा ठेवावं असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला दार बंद, असा हुकूम होता. हुकूम एकदा निघाला की त्याला परत घरी बोलवायला कोणी जात नाही.

माझं चाक फिरवायला जो राखणदार आला, त्याला सगळे चाकवाले म्हणत. माझ्या शेजारीच बांधावर त्याची खोली. एक चूल, एक खाट, भिंतीवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक, आणि दोन खिडक्या. एक खाडीकडे, दुसरी आत, मेलेल्या दलदलीकडे. लग्न करून त्यानं बायको आणली ती याच काठावरची. मी ओळखलं तिला. पाणी कुठून येणार, असं विचारणारी तीच ती मुलगी.

ती दुसरी खिडकी ती कधी उघडत नसे.

दर पंधरा दिवसांनी, मोठी भरती येण्याआधी, चाकवाले माझी फट बुजवत. हे काम ते अगदी पूजेसारखं करत. डांबरात बुडवलेली जाड दोरी घ्यायची, आतल्या बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरायचं, आणि लाकडी हातोडीनं ती दोरी फटीत ठोकून ठोकून बसवायची. टोकाला एक छोटा फास बाहेर ठेवायचा, की झालं. मी दोन दिवस कोरडा. मान ताठ करून उभा राहायचो.

आणि तिसऱ्या दिवशी दोरी गायब.

ती कोण काढायचं, ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. भर दुपारी, चाकवाले जेवून आडवे झाले की त्यांची बायको पायऱ्या उतरून यायची. हातात एक लांब लोखंडी आकडा. एकदा वर बघायची, आकडा टाकायची, आणि सर्रकन दोरी ओढून काढायची. दोरी पदराखाली घालून वर जायची ती थेट चुलीत. डांबराची दोरी, छान पेटायची. मला तिचा भयंकर राग यायचा. माझी अब्रू ती पदराखाली लपवून नेते, असं वाटायचं.

बांधाचे साहेब पाहणीला आले की ठरलेलं बोलणं व्हायचं.

"काय चाकवाले, पुन्हा फट?"

"भरती, साहेब. फार जोर असतो तिचा."

"मग दोरी जरा घट्ट ठोका."

"ठोकतो की, साहेब."

बायको शेजारी चहा गाळत उभी असायची, जणू त्या गावची नव्हेच.

आता फटीतून पाणी आत जाई, ते कुठे जाई? तर माझ्याच पायाशी. फटीतून उडणाऱ्या धारेनं आतल्या बाजूला जमीन खणली जाऊन एक डोह झाला होता. दोन खोल्यांएवढा. रोज दोनदा, दोन बोटांच्या फटीतून खारं पाणी त्यात येई. त्या पाण्याबरोबर काय काय आत शिरलं, ते माझ्या अंगावरूनच गेलं म्हणून मला माहीत. बोटाएवढे मासे, खेकड्यांची पिल्लं, खारफुटीच्या शेंगेसारख्या लांबट बिया. डोहाच्या काठाला, बांधाच्या आडोशाला दहा-बारा खुरटी झाडं उभी राहिली. चिखलात शिंपले रुजले. चाकवाल्यांची बायको दोरी काढली की मिनिटभर तिथे वाकून बसायची, चिखलात हात घालायची, एखादा शिंपला काढून निरखायची आणि परत जागच्या जागी ठेवायची. घरी कधी नेला नाही.

वर्षं गेली. चाकवाल्यांचा मुलगा मोठा झाला, ट्रकवर लागला, महिन्यातून चार दिवस घरी. सून आली ती खमकी होती. सासऱ्यांचे गुडघे धरले तेव्हा चाक तिनंच हातात घेतलं. फट बुजवायची कशी तेही सासऱ्यांनी शिकवलं.

"टोकाला फास ठेवायचा हां, सूनबाई."

"तो कशाला, बाबा?"

"ठेवायचा. दोरी काढायला बरं पडतं."

"पण आपल्याला ती काढायचीच नाहीये ना?"

चाकवाल्यांना एकदम खोकला आला, आणि ते आभाळ बघायला बाहेर गेले. सूनबाईनं खांदे उडवले आणि फास ठेवला. पुढे चाकवाले गेले. नोकरी सूनबाईच्या नावावर झाली. ती दोरी ठोकायची, आणि सासूबाई, ज्यांना आता सगळे आजी म्हणू लागले होते, त्या दुपारी आकडा घेऊन यायच्या. काठी टेकत, पण यायच्या.

मग एके दिवशी वारं फिरलं. ज्यांनी दलदल नको म्हणून मला उभं केलं, त्यांच्याच खुर्चीवर बसलेल्या नव्या साहेबांना दलदल हवीशी झाली. खाडीतले मासे कमी झाले होते, वादळाच्या लाटा बांध खात होत्या, आणि पलीकडच्या वस्तीत दर पावसाळ्यात पाणी भरत होतं. झाडं असती तर हे झालं नसतं, हे आता कळलं. एक मॅडम आल्या. दिवसभर चिखल तपासायच्या म्हणून लोक त्यांना चिखलवाल्या मॅडम म्हणू लागले. बाई कष्टाळू. उन्हातान्हात फिरून त्यांनी बांधाच्या आतलं सगळं आवार पालथं घातलं. पण नकाशा काढताना माझ्याभोवतीची शंभर पावलं वगळली. बांधकामाची जागा, तिथे काय असणार, म्हणून.

पहिल्या वर्षी लांबच्या रोपवाटिकेतून खारफुटीची रोपं आली. ओळीत लावली, शाळेत मुलं उभी करतात तशी. फोटो निघाले. पावसाळा संपेपर्यंत सगळी रोपं काळी पडली.

दुसऱ्या वर्षी साहेब म्हणाले, पाणीच नाही तर रोपं जगतील कशी? उघडा दरवाजा, पूर्ण. मला कोण आनंद झाला! सूनबाईनं घाम गाळत चाक फिरवलं आणि मी पार वर गेलो. भरती आत धावली. मला वाटलं, फेडलं एकदाचं पाप.

कसलं काय. पन्नास वर्षं वाळलेल्या त्या मातीत आंबट विष साठलं होतं. पाणी शिरताच ते सुटलं आणि आवारभर गंजाच्या रंगाचं पाणी पसरलं. आत गेलेले मासे चार दिवसांत पोटं वर करून तरंगू लागले. जमीन खाली बसलेली, पाण्याचे जुने मार्ग मातीनं भरलेले, म्हणून आत गेलेलं पाणी ओहोटीला बाहेर निघेना. ते पलीकडच्या वस्तीत लोकांच्या परसात जाऊन बसलं. लोक बांधावर धावून आले. माझ्या पायाशी असलेला डोह तेवढा वाचला, कारण खाडीचं ताजं पाणी आधी त्यालाच मिळत होतं. आणि मला धाडकन खाली सोडण्यात आलं.

मग शेवटचा हुकूम आला. दरवाजा बंद. फटीवर लोखंडी पत्रा ठोका. महिनाअखेर एक पाहणी, आणि आत काही जिवंत सापडलं नाही तर माझ्या जागी सिमेंटची भिंत, आत मातीचा भराव, वर गोदामं. सूनबाईची नोकरी आणि ती दोन खिडक्यांची खोली त्यातच गेली असती. चिखलवाल्या मॅडम त्या दिवशी खोलीत बसल्या होत्या, हातातला चहा निवत होता. म्हणाल्या, "इथलं सगळं मेलंय. मी उगाच दोन वर्षं आशा लावली लोकांना."

आजी खाटेवर पडून ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ओहोटीला, फिटर पत्रा आणि ड्रिल घेऊन खाली उतरला. त्यानं खडूनं माझ्या अंगावर खुणा केल्या. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली तेच होणार होतं. मी कायमचा कोरडा होणार होतो. आणि खरं सांगतो, माझा जीव कासावीस झाला. पायाशी डोहात मासे फिरत होते, आणि ते माझ्याच फटीतून आलेले होते.

"थांब रे बाबा."

आजी पायऱ्या उतरत होत्या. एका हातात काठी, दुसऱ्यात आकडा. तोही भर सकाळी, सगळ्यांच्या देखत.

"आजी, बाजूला व्हा, लागेल," फिटर म्हणाला.

"लागू दे. आधी साहेबांना खाली बोलव. त्या मॅडमनाही."

मॅडम पायऱ्या उतरून खाली आल्या. साहेब वरूनच कठड्यावर वाकले. "काय झालं? काय हवंय त्यांना?"

"ही फट बुजवायची नाही," आजी म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी ती उघडी ठेवलीय."

चाकापाशी उभी असलेली सूनबाई दोन पायऱ्या खाली उतरली. "आई, काय बोलताय तुम्ही?"

"खरं तेच बोलतेय. भरतीचा काही दोष नाही. दोरी मी काढत होते. ह्या आकड्यानं. तुझे सासरे ठोकायचे आणि मी काढायची. मग तू ठोकायचीस आणि मी काढायची."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम बांधाचं काम बिघडवत होता?" साहेबांचा आवाज चढला.

"हो, मुद्दाम. लिहून घ्या हवं तर. पण सुनेला बोल लावायचा नाही, तिला काही माहीत नव्हतं." मग त्या मॅडमकडे वळल्या. "तुम्ही एवढं रान तुडवलंत. इथे कधी वाकून बघितलंत का?"

"हा भाग आम्ही वगळला होता, आजी. बांधकामाची जागा म्हणून."

"बरं. मग आता वाका."

मॅडम चपला काढून डोहात उतरल्या. चिखलात कोपरापर्यंत हात घातला. बराच वेळ काही नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. फिटरनं ड्रिल खाली ठेवलं. मग मॅडमनी मूठ वर काढली, उघडली, आणि तिच्यात तीन शिंपले होते. जिवंत, तोंडं घट्ट मिटलेले. त्यांनी पुन्हा हात घातला. पुन्हा निघाले. मग त्या चिखलात चक्क फतकल मारून बसल्या आणि हसता हसता रडू लागल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "बी आहे. आपल्याकडे घरचं बी आहे!"

पत्रा परत गेला. माझा जीव भांड्यात पडला, असं माणसं म्हणतात ना, तसं काहीतरी माझ्या फळ्यांना झालं.

त्यानंतर कामाची पद्धतच बदलली. मॅडमनी आजींना विचारलं, किती पाणी लागतं? आजी म्हणाल्या, "मला आकडे कळत नाहीत. दोन बोटं फट, आणि आलेलं पाणी ओहोटीला परत गेलं पाहिजे. साचलं की सडलं." मग मला एकदम न उघडता जेमतेम दोन बोटं वर उचललं. सूनबाईनं चाकावर खडूची खूण केली. पंधरा दिवस तेवढंच. मग अजून दोन बोटं. पाणी गंजलं की थांबायचं, निवळलं की पुढे. आजी काठीनं दाखवत चालल्या, इथून एक मार्ग जायचा, इथे वळायचा, इथे माझी आई बसायची. त्या रेघांवर जुने मार्ग पुन्हा खणले. पलीकडच्या वस्तीपुढे कंबरभर बांध घातला, तेव्हा कुठे लोक शांत झाले. रोप मात्र एकही लावलं नाही. डोहाकाठच्या झाडांच्या बिया भरतीबरोबर फिरल्या आणि त्यांना जिथे आवडलं तिथे रुजल्या. ओळीत तर मुळीच नाही.

सगळं साधलं असं मी म्हणणार नाही. पूर्वेचा एक कोपरा अजून गंजलेला आहे, तिथे गवताची काडी उगवत नाही. पूर्वीचे काही पक्षी आलेलेच नाहीत. गेल्या वर्षीच्या वादळात मला चार दिवस बंद करावं लागलं, तेव्हा सूनबाई दर तासाला येऊन डोहातलं पाणी बघून जायची. जे बिघडवायला एक सुतार आणि एक लोहार पुरले, ते सुधारायला इतकी माणसं आणि इतकी वर्षं लागतायत. पण खेकडे आलेत. माझ्या पायाशी वाट बघत बसत नाहीत, सरळ खालून निघून जातात. माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि मला त्याचंच बरं वाटतं.

गेल्या महिन्यात नवा हुकूम आला. वादळ नसेल तेव्हा दरवाजा वरच. आता मी खांबांच्या मध्ये उंच टांगलेला असतो. बुडाला कालवं चिकटली आहेत, ती आता वाळून खरखरीत झालीत. तुमच्यापैकी कोणी पुढेमागे बांधावर आलात, तर माझी एकच विनंती आहे. माझी कीव येऊन मला दुरुस्त करू नका. माझी फट तशीच असू द्या.

मला वर टांगलं त्या दिवशी सूनबाई पायऱ्या उतरून आली. गेल्या वर्षीच्या वादळात ठोकलेली शेवटची दोरी फटीत अडकून राहिली होती, ती तिनं फासात बोट घालून अलगद ओढून काढली आणि वर खोलीत घेऊन गेली. आतल्या बाजूची खिडकी आताशा उघडीच असते, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"आई, एक विचारू? दोरी काढताना तुम्ही आकडा कशात अडकवायचात?"

"टोकाला फास असायचा की. त्यातच. नाहीतर माझ्यानं कसली निघतेय, डांबराची दोरी ती."

"मग तो फास तिथे कशाला असायचा, असं कधी मनात नाही आलं?"

आजी सुनेच्या हातातल्या दोरीकडे बघू लागल्या.

"बाबांनी मला शिकवलं होतं," सूनबाई म्हणाली. "फास ठेवायचाच. काढायला बरं पडतं, म्हणायचे. कोणाला, ते काही त्यांनी सांगितलं नाही."

मीसुद्धा लाकूडच, चाळीस वर्षं तो फास माझ्या अंगावर होता आणि मला कळलं नव्हतं.

"म्हणजे ह्यांना ठाऊक होतं?" आजी म्हणाल्या. "अगं, मी चोरून चोरून जात होते! हे घोरायला लागले की मगच उठायची."

"घोरत होते, की घोरल्यासारखं करत होते?"

आजी हसू लागल्या. किती वेळ हसल्या. मग डोळे पुसत त्यांनी दोरी मागून घेतली, तिच्या फासात आपला आकडा अडकवला आणि दोन्ही मिळून खिडकीशेजारच्या एकाच खिळ्याला टांगून ठेवलं.